एकोणसाठ ऑर्डरींचा पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी रागासाठी घेतली आहे. दुकानात बोललो की दादा म्हणतो, आवाज खाली. घरी बोललो की बायको म्हणते, जेवताना नको. मग उरतो कागद.

आजचा राग अर्ध्या चांगल्या बातमीचा आहे. आमचं बुटांचं दुकान आहे, पण सरळ पायांच्या लोकांसाठी नाही. सुजलेले पाय, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, बोट कापलेलं, अशांसाठी आम्ही बूट आणि चपला विकतो. वडिलांनी सुरू केलं, दादा चालवतो, आणि गेली तीन वर्षं इंटरनेटवर मी चालवतो. वेबसाइट माझी, जाहिराती माझ्या. आठवड्याला शंभरेक ऑर्डरी येतात, त्यातल्या चौसष्ट जाहिरातीतून. हे मी म्हणत नाही, जाहिरात कंपनी मला पानावर दाखवते. आणि आत्याच्या फोनवरून? चार. फोनच्या ऑर्डरी नोंदवायला मी तिला चौदा रकान्यांचा फॉर्म करून दिला आहे. त्यात आठवड्याला चार नोंदी होतात, कधी तीन.

या चारांसाठी खालच्या मजल्यावरचं सगळ्यात उजेडाचं टेबल आत्याला. दिवसभर फोन कानाला. "सूज सकाळी जास्त की संध्याकाळी? बरं. पाय कागदावर ठेवा आणि पेन्सिल उभी धरा, तिरकी नको." लोक पावलाभोवती रेघ काढून कागद पाठवतात आणि ती ते फायलींना लावते. कपाटभर पावलं जमली आहेत. मी वर बसतो, जिथे पूर्वी रिकामे खोके ठेवायचे त्या खोलीत. वय एक्केचाळीस, आणि आत्या मला अजून गिऱ्हाइकांसमोर "छोट्या" म्हणते.

मी दादाला म्हटलं, फोन बंद कर आणि तो खर्च जाहिरातीला दे. त्याने विचारलं, "तुझा आकडा खरा कशावरून?"

तीन वर्षांनी हा प्रश्न. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मीच म्हणून बसलो, खरा करून दाखवतो. सध्या मोजणी होते ती गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून. त्याने खरेदी केली की त्याचा ब्राउझर जाहिरात कंपनीला कळवतो. हल्ली निम्मे ब्राउझर कळवायला नकार देतात. म्हणजे खरा आकडा चौसष्टपेक्षा जास्तच असणार. उपाय असा की जिथे ऑर्डर नोंदली जाते त्या आपल्या सर्व्हरनेच थेट कळवायचं. त्याला कुणी अडवू शकत नाही.

ठरलं ते असं: महिनाअखेरीला सर्व्हरचा आकडा माझ्या बाजूने निघाला, तर आत्याचा फोन बंद. दादाने हातावर हात दिला नाही, पण मान हलवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सर्व्हर जोडायला दादाने एक बाई शोधून आणली. हसत नाही. स्वतःचं गरम पाणी बाटलीतून आणते. मी तिचं नाव सर्व्हरबाई ठेवलं आहे, अर्थात मनात.

आल्या आल्या मला म्हणाली, "ऑर्डरी कुठून कुठून आत येतात ते आधी दाखवा."

मी वेबसाइट दाखवली, फॉर्म दाखवला. तिने विचारलं, "खाली त्या बाई काय करतात?"

"पाय मोजतात," मी म्हटलं.

तिने ते वहीत लिहून घेतलं. विनोदावर हसू नये, पण निदान लिहून तरी घेऊ नये.

मग म्हणाली, "श्रेय कुणाला द्यायचं ते जाहिरात कंपनी ठरवते. मी फक्त खरी माहिती पोचवते. आकडा वाढेलच असं नाही." मी म्हटलं, वाढेल. ती म्हणाली, बघू. हे "बघू" मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वडील म्हणायचे. मला गल्ल्यावर बसू द्या म्हटलं, बघू. मला खरेदीला घेऊन जा म्हटलं, बघू. बघता बघता ते गेले.

एक बरं झालं, तिला काम वरच करावं लागतं आहे. वर माझी स्वतःची इंटरनेट जोडणी आहे, दोन वर्षांपूर्वी दादाशी भांडून घेतलेली. खालच्या जोडणीवर दादा दिवसभर बातम्या बघतो आणि माझी कामं अडकतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस मी राजा होतो. शनिवारी सर्व्हर चालू केला आणि जाहिरातीच्या पानावरचा आकडा चक्क दुप्पट झाला. मी धावत खाली गेलो आणि दादाला सगळ्यांसमोर सांगितलं. पार्सलं बांधणारा आमचा गोडाऊनवाला पण होता. माझ्याच तोंडाने सांगितलं, हे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा असला मूर्खपणा होणार नाही.

आज सर्व्हरबाईने तो आकडा खाली आणला. एकच खरेदी गिऱ्हाइकाचा ब्राउझरही कळवतो आणि आपला सर्व्हरही. दोन्ही निरोपांवर एकच ऑर्डर नंबर हवा, म्हणजे कंपनी त्यांना एक धरते. "तुमच्या जुन्या कोडमधून नंबर जातच नव्हता," ती म्हणाली. माझ्या कोडमधून. दादा शेजारीच उभा होता. त्याच्याऐवजी एखादा परका उभा असता तरी चाललं असतं.

खाली उतरलो तर आत्या फोनवर हात ठेवून म्हणाली, "छोट्या, आकडा वाढला म्हणे. चांगलं झालं हो."

टोमणा मारायचा तर निदान ताजा तरी मारावा. दुप्पट आकडा सकाळीच निम्मा झाला होता, आणि तिला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने गुपचूप सासूबाईंसाठी बूट मागवले, आत्याला फोन करून. घरात मी आहे, वेबसाइट मी केली आहे, आणि ही फोन करते. मी विचारलं, असं का?

"आईचा डावा पाय मोठा आहे," ती म्हणाली. "तुझ्या वेबसाइटवर दोन पायांना दोन नंबर कुठे टाकायचे ते सापडेना. आत्यांनी बोलता बोलता टाइप केलं, आणि मी फोन ठेवेपर्यंत ऑर्डर नंबरचा मेसेज आला."

मी मुद्दाम फॉर्म तपासला. सासूबाईंचं नाव कुठेच नाही. म्हणजे नोंद करायला विसरली आणि गोडाऊनवाल्याला तोंडी सांगून मोकळी झाली. मेसेजचं बायकोला काहीतरी वाटलं असेल. अशा गबाळ्या कारभारावर दादा डोळे मिटून बसला आहे आणि मला विचारतो, तुझा आकडा खरा कशावरून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज कडाक्याचं भांडण झालं, आणि मी बरोबर होतो.

आता प्रत्येक खरेदी आधी आमच्या सर्व्हरवर उतरते, कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून, म्हणजे जोडणीच्या कुठल्या नंबरावरून आली त्यासकट. आधी आम्हाला नुसती बेरीज दिसायची, आता एकेक ओळ दिसते. सर्व्हरबाई त्या ओळी छापून घेऊन आली. गेल्या आठवड्यात सत्तर ऑर्डरींना जाहिरातीचं श्रेय मिळालं होतं. चौसष्ट नाही, सत्तर. मी खुर्चीतून उठलोच होतो.

"बसा," ती म्हणाली. "सत्तरपैकी एकोणसाठ एकाच पत्त्यावरून आल्यात."

मला काय झालं ते लगेच कळलं. या कामातली ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, मी गेल्याच आठवड्यात वाचलं होतं. गिऱ्हाइकाच्या पत्त्याऐवजी सर्व्हर स्वतःचाच पत्ता चिकटवून देतो. मी तसं म्हटलं.

"तो मी पहिल्या दिवशी तपासला," ती म्हणाली. "हा सर्व्हरचा पत्ता नाही. आणि ती चूक असती तर सत्तरच्या सत्तर एकाच पत्त्यावर दिसल्या असत्या. बाकीच्या अकरा नीट वेगवेगळ्या येतायत. हा पत्ता दुकानाचा तर नाही?"

मी तिच्या देखत माझ्या संगणकावर पाहिलं. माझ्या पत्त्याच्या शेवटी एक्केचाळीस, तिच्या कागदावर शेवटी एकशे ब्याऐंशी. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि विचारलं, पटलं?

तिने दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाली, "खाली वेगळी जोडणी आहे का?"

"खाली टेलिफोन आहे. आणि कपाटात पावलं आहेत."

"मी एकदा खाली जाऊन बघते."

मी म्हटलं, आत्या जेवते आहे, तिला मध्ये त्रास नको. खरं म्हणजे या दोघी एका टेबलाशी बसून बोलतील हे मला नको होतं. दोघींचं पटलं असतं, हे मला जिन्यावरूनही दिसत होतं.

मग आवाज चढले. मी म्हटलं, चूक कबूल करायला शिका. ती म्हणाली, चूक सापडली की लगेच करते. हे असं उत्तर तोंडावर फेकून ती पाण्याची बाटली बंद करत बसली. मला ती बाई आवडत नाही. तिला काम येत नाही असं नाही, तिला माणसं येत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिला मेल लिहून काम थांबवलं. दादालाही प्रत पाठवली. चार परिच्छेद, सभ्य आणि धारदार. "आपल्या कोडमधील दोषामुळे पत्ते चुकीचे नोंदले जात असून, एकूण आकडा मात्र विश्वासार्ह आहे," हे वाक्य मी तीनदा वाचलं. चांगलं जमलं आहे.

तिचं उत्तर फक्त मला आलं, दोन ओळींचं. पैकी दुसरी: "पत्ता खालच्या संगणकावरूनही तपासावा, ही माझी लेखी सूचना समजावी." जाताना हात झटकून ठेवायची ही पद्धत मला ठाऊक आहे. दादाला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो.

दादासमोर कागद ठेवला: जाहिरातीतून सत्तर, फोनवरून चार. त्याने विचारलं, ती बाई पत्त्यांचं काहीतरी म्हणत होती ना? मी म्हटलं, पत्ते चुकले, बेरीज बरोबर आहे. तो खिडकीतून बाहेर बघत बसला. शेवटी म्हणाला, "आत्याला तूच सांग. मला जमणार नाही."

मी सांगितलं. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल, दोन्हीची तयारी केली होती. तिने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग आता त्या लोकांनी ऑर्डर करायची कशी?"

"वेबसाइटवरून."

ती काहीतरी म्हणाली, मी पण तिथूनच करते रे, असं काहीसं. मी टेबलाखाली वाकून फोनची वायर काढत होतो, नीट ऐकलं नाही. तिच्याशी बोलायला लागलं की संपत नाही. पावलांच्या फायली नेऊ का विचारलं, मी म्हटलं ने, तेवढीच जागा होईल. गोडाऊनवाल्याने दोन खेपा करून त्या रिक्षात ठेवल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती.

संध्याकाळी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आणि पुढच्या वेळी आईचे बूट?"

मी म्हटलं, मी आहे ना. ती भाजी वाढत राहिली.

७ मार्च, शुक्रवार

आठवड्यात एक्केचाळीस ऑर्डरी. शंभर नाही, एक्केचाळीस. जाहिरातीतून अकरा.

सर्व्हरबाईने जाता जाता काय करून ठेवलं देव जाणे. नेमक्या त्या एकोणसाठ गायब आहेत, म्हणजे तिने त्या पत्त्यावरची नोंद अडवून ठेवली असणार. आज दिवसभर बसून तिचं सगळं काढून टाकलं आणि माझा जुना कोड परत लावला. सोमवारपर्यंत आकडा जागेवर येईल. दादा दोनदा वर आला, दोन्ही वेळा काही न बोलता उभा राहून गेला. हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार

आकडा जागेवर आला नाही. आणि हे नुसतं मोजणीचं दुखणं नाही, गोडाऊनमधून पार्सलंच निम्मी जातायत. मी जाहिरातीचं बजेट वाढवलं, चित्रं बदलली, "आजच मागवा" लिहिलं. काही फरक नाही.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. फोन लागत नाही म्हणून दोन बस बदलून आले म्हणाले. मी त्यांना वेबसाइट दाखवली. ते म्हणाले, "यात माझ्या पायाला काय झालंय ते कुठे लिहायचं?" मी म्हटलं, त्याची गरज नाही, नंबर निवडा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच काठी टेकत आलो आहे. मग काही न घेता गेले. दादाने हे सगळं गल्ल्यावरून पाहिलं.

"सत्तर म्हणत होतास," तो म्हणाला.

"सत्तरच होत्या."

"मग ती माणसं मेली काय?"

मी जिना चढून वर आलो.

१२ मार्च, बुधवार

सकाळपासून वरची जोडणी बंद होती. कंपनीचा माणूस दुपारी येणार म्हणाले, म्हणून मी नाइलाजाने खाली जाऊन आत्याच्या टेबलावर बसलो. संगणक तिचाच. जाहिरात नीट दिसते का ते बघायला शोधपानावर दुकानाचं नाव टाकायला गेलो, तर पहिली दोन अक्षरं टाकताच त्याने पूर्ण नाव स्वतःच भरलं. वर आमची जाहिरात, तिच्या खाली आमच्याच वेबसाइटची साधी ओळ, फुकटातली. खालच्या ओळीचा रंग कोरा निळा. वरच्या ओळीचा रंग जांभळा, म्हणजे इथून कुणीतरी तिच्यावरून जाऊन आलेलं.

मी उगाच, खरंच उगाच, या संगणकाचा पत्ता पाहिला. शेवटी एकशे ब्याऐंशी.

मग वेबसाइटवरच्या जुन्या ऑर्डरी उघडल्या. प्रत्येक ऑर्डरीखाली शेऱ्यासाठी एक चौकट आहे. ती मीच ठेवली होती आणि तीन वर्षांत एकदाही वाचली नव्हती. "डावा सहा, उजवा आठ." "उजवी टाच मऊ हवी, जखम आहे." "मधलं बोट नाही, पुढे कापूस भरून देणे." "बाईंना सूज आहे, पट्टा लांब लावणे." पान उलटत गेलो, संपेनात. सासूबाईंची ऑर्डरही होती.

त्या तीन-चार नोंदी सोडल्या तर माझा फॉर्म ती वापरतच नव्हती. फोनवर बोलता बोलता ती सरळ वेबसाइटवरून गिऱ्हाइकाच्या नावाने ऑर्डर टाकत होती, आणि वेबसाइटवर यायला रोज वरच्या ओळीवर बोट ठेवत होती. जाहिरात कंपनीला काय, जाहिरातीवरून माणूस आलं आणि खरेदी झाली. एकोणसाठ माणसं म्हणजे एकटी आत्या. माझी सत्तर म्हणजे अकरा. ही लिहिलेली ओळ खोडावीशी वाटते आहे. खोडत नाही, कारण वही कुणी वाचणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

दादाला सांगितलं. पण सरळ सांगितलं नाही. म्हटलं, आत्या मुद्दाम आपल्याच जाहिरातीवरून ऑर्डरी टाकत होती. प्रत्येक वेळी आपलाच खर्च होत होता आणि माझा आकडा फुगत होता. तिने फसवलं आपल्याला.

फसवलं हा शब्द मी वापरला. वापरताना मला माहीत होतं. पण तीन वर्षं मी त्या आकड्यावर मान वर करून चाललो, या घरात दुसरं काही माझ्या नावावर नाही, आणि ते असं एका दुपारी हातातून जाताना माणूस काहीही बोलतो.

दादा म्हणाला, "आत्या?" एवढंच. मग गल्ल्याचा ड्रॉवर उघडला आणि बंद केला.

१५ मार्च, शनिवार

आत्याकडे गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. पलंगाखाली फायली रचून ठेवल्या आहेत. तिने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी बसलो.

"फॉर्म का नाही वापरलास?" मी विचारलं. खरं तर दुसरंच विचारायचं होतं.

"त्यात दोन पायांना एकच नंबर टाकता यायचा. तुला दोनदा सांगितलं मी. तू म्हणालास, लोकांना सांग एकच घ्या. मग गोडाऊनवाल्याने मला वेबसाइटवरून टाकायला शिकवलं, खाली शेऱ्यात लिहा म्हणाला. तो वाचायचा बरोबर."

"आणि वरच्याच ओळीवरून का? खाली तेच नाव होतं. जाहिरात नसलेलं."

"माहितेय मला."

"मग?"

"पहिल्या आठवड्यात तूच मला बोलावून दाखवलंस ना. आत्या, ही वरची ओळ मी लावली. लोक हिच्यावरून आले की माझं काम दिसतं, म्हणालास. केवढा खूश होतास. म्हटलं मग आपण कशाला खालच्या ओळीवरून जायचं." ती पलंगाची चादर सारखी करत होती. "माझ्या भावाने तुला कधी काही करू दिलं नाही. चुकलंच त्याचं."

मला तसं दाखवल्याचं आठवत नाही. पण दाखवलं असेल. मला तिचा इतका राग आला की हातातला पेला मी आवाज करून ठेवला. तिने मला बुडवायला हे केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"परवा दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होता, छोट्याचे आकडे तू वाढवत होतीस का. मी हो म्हटलं."

"फसवायला वाढवत नव्हतीस ना पण."

"ते त्याने विचारलं नाही."

"मग तू सांगायचंस."

"तू सांगायचं होतंस," ती म्हणाली.

खालून कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. मी म्हटलं, सोमवारपासून ये, वायर मी लावून ठेवतो.

"नाही येणार." आवाज नेहमीचाच, पाय कागदावर ठेवा म्हणतानाचा. "माझ्यासमोर वाकून वायर काढलीस. मी बोलत होते आणि तू काढत होतास. त्या टेबलावर आता मी बसणार नाही. फायली घेऊन जा, त्या गिऱ्हाइकांच्या आहेत."

चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तिने दार लावून घेतलं होतं, शेवटचं गाठोडं बाहेर ठेवून.

१७ मार्च, सोमवार

सकाळी दादाला सांगितलं. आत्याने फसवलं नाही. फॉर्म माझा वाईट होता. सर्व्हरवालीने खाली जाऊन बघू द्या म्हटलं होतं, मी जाऊ दिलं नाही. तिचं उत्तर आलेलं तुला दाखवलं नाही. जाहिरातीच्या ऑर्डरी आठवड्याला अकरा आहेत, तीन वर्षं बहुतेक तेवढ्याच असतील. सगळं एका दमात बोललो, नाहीतर मध्येच स्वतःची बाजू मांडायला लागलो असतो.

दादाने विचारलं, "ती येणार आहे?"

"नाही."

"मग तू बस तिथे."

मी वायर लावली आणि बसलो. पहिला फोन नऊ वाजून दहा मिनिटांनी. एका बाईंचा घोटा ऑपरेशननंतर सुजला होता. मी विचारलं, सूज सकाळी जास्त की संध्याकाळी? त्या म्हणाल्या, "हे सगळं बाईंना माहीत आहे, फाईल काढा." फाईल काढायला मला पंधरा मिनिटं लागली आणि त्यांनी ती सगळी मोजून घेतली. एका ऑर्डरीला पाऊण तास गेला. मग दुकानाचं नाव टाकलं, वर माझी जाहिरात आली. मी खालच्या ओळीवरून आत गेलो आणि शेऱ्यात लिहिलं, डावा घोटा सुजलेला, पट्टा लांब लावणे.

संध्याकाळी दादा गल्ला बंद करून टेबलाशी आला.

"जाहिरातीतून किती आज?"

"एक."

"फोनवरून?"

"सात."

"फोन तर दिवसभर वाजत होता."

"बाकीच्यांनी विचारलं, बाई आहेत का. मी नाहीत म्हटलं. त्यांनी ठेवून दिला."

"किती जणांनी?"

बावीस जणांनी. हे कुठला सर्व्हर मोजत नाही, म्हणून मी सकाळपासून कागदावर रेघा मारत होतो. कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने त्या एकदा बोटाने मोजल्या आणि म्हणाला, बरोबर आहेत.